घाटातली हरवलेली रेंज आणि गाडीतला बूस्टर

गोव्याहून हुबळी-धारवाडला जाणाऱ्या प्रवाशाला मोले मागे पडले की एक अनुभव ठरल्याप्रमाणे येतो. रस्ता चढणीला लागतो, भगवान महावीर अभयारण्याची झाडी दोन्ही बाजूंनी दाटून येते आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघा एकेक करून मिटत जातात. अनमोडचा घाट चढून कर्नाटकच्या हद्दीत शिरल्यावर त्या मधूनच उगवतात आणि पुन्हा मावळतात. रामनगरच्या वस्तीत थोडा दिलासा मिळतो, पण तेथून अळणावरमार्गे धारवाडकडे निघाले की पुन्हा जंगलपट्टा लागतो.

या वाटेने जाणारे लोक हौशी पर्यटकच असतात असे नाही. त्यांत हुबळीच्या बाजारपेठेशी व्यवहार असलेले व्यापारी आहेत, मालवाहू गाड्यांचे चालक आहेत, धारवाडला शिकणारी मुले आणि त्यांना भेटायला निघालेले पालक आहेत. कुणी रुग्णाला घेऊन हुबळी किंवा धारवाडच्या रुग्णालयाकडे निघालेले असते. अशा प्रवासात गाडी बंद पडली, अपघात झाला किंवा रुग्णाची प्रकृती बिघडली, तर हातातला महागडा फोन काही काळ केवळ घड्याळाच्या उपयोगाचा उरतो.

या अडचणीवरचा उपाय म्हणून गाडीत बसवायच्या ‘सिग्नल बूस्टर’ची चर्चा वरचेवर होते. परदेशात राहणारे नातेवाईक त्याची शिफारस करतात, चित्रफितींत त्याचे गुणगान ऐकू येते. छपरावर एक अँटेना, आसनाखाली एक छोटी पेटी आणि आत दुसरी अँटेना, एवढी मांडणी केली की रेंज परत येते, असे सांगितले जाते. हे उपकरण खरोखर काम करते का, ते आपल्याकडे वापरता येते का आणि येत नसेल तर का, हे तीन प्रश्न त्यातून उभे राहतात. त्यांची थोडक्यात उत्तरे अशी: उपकरण काही अटींवर काम करते, भारतात ते खासगी व्यक्तीला बाळगता किंवा वापरता येत नाही, आणि या बंदीमागे कागदी नियमापलीकडचे कारण आहे. ते कारण समजून घ्यायचे तर आधी घाटात रेंज का हरवते ते पाहावे लागेल.

रेंज घाटातच का जाते?

मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करतात. वाटेत डोंगराची सोंड आली की पलीकडे त्यांची सावली पडते. कमी कंपनसंख्येच्या, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अडथळ्याला थोडासा वळसा घालू शकतात आणि दूरवर पोचतात. १८००, २१०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींची ही क्षमता कमी असते. फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी तर जवळच्या अंतरातच थकतात. सह्याद्रीच्या उतारावर रस्ता वळणे घेत चढतो, त्यामुळे मनोरा आणि गाडी यांच्यामध्ये सतत एखादा कडा किंवा टेकडी येत राहते. त्यात दाट झाडीची भर पडते. पावसाळ्यात ओली पाने लहरींची शक्ती आणखी शोषून घेतात.

दुसरे कारण भूगोलाइतकेच हिशेबाचे आहे. मनोरा उभारायचा तर जागा, वीज, जोडणीची तार आणि पुरेसे ग्राहक लागतात. घाटात वस्ती नाही, म्हणून ग्राहक नाहीत. अभयारण्य आहे, म्हणून परवानग्या सोप्या नाहीत. गोव्याच्या बाजूला भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, तर कर्नाटकच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचा परिसर, अशी ही सलग वनभूमी आहे. जे जंगल या भागाचे वैभव आहे, तेच येथे मनोरे विरळ असण्याचेही कारण आहे.

तिसरे कारण खुद्द गाडी हेच आहे. पत्र्याची चौकट लहरींना अडवते आणि उष्णता रोखण्यासाठी धातूचा सूक्ष्म लेप दिलेल्या काचाही तेच करतात. बाहेर जेमतेम येणारी रेंज गाडीत बसल्यावर नाहीशी होते ती यामुळे.

रेघा मोजण्यापेक्षा रेंज अचूक मोजण्याचे एकक आहे ‘डीबीएम’. हा आकडा ऋण असतो आणि बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली पाहायला मिळतो. फोर-जीसाठी उणे ८० ते ९० च्या आसपास चांगली रेंज समजावी. उणे ११० ला संभाषण अडखळू लागते आणि उणे १२० च्या पुढे संपर्क तुटल्यातच जमा असतो. या मापनात दर दहा अंकांमागे शक्ती दहापट बदलते. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत दिसायला तीस अंकांचे अंतर असले, तरी प्रत्यक्षात हजारपटींचा फरक असतो.

बूस्टर नेमके काय करतो?

बूस्टर सिग्नल निर्माण करत नाही, आहे तो वाढवतो. छपरावरची अँटेना मनोऱ्याकडून आलेल्या क्षीण लहरी पकडते, पेटीतील वर्धक त्यांची शक्ती वाढवतो आणि आतील अँटेना त्या गाडीत सोडते. फोन बोलू लागला की हाच प्रवास उलट दिशेने होतो: फोनच्या लहरी आतील अँटेना घेते, वर्धक त्या वाढवतो आणि छपरावरून त्या मनोऱ्याकडे फेकल्या जातात. गाडीसाठीच्या उपकरणांवर अमेरिकेत ५० डेसिबलची वर्धनमर्यादा आहे. ५० डेसिबल म्हणजे एक लाखपट.

हा आकडा डोळे दिपवणारा असला, तरी त्यातून लाखपट चांगली रेंज मिळत नाही. वर्धक सिग्नलसोबत त्यातील खरखरही वाढवतो, शिवाय स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो. म्हणून जेथे मूळ सिग्नलच नाही, त्या दरीत बूस्टर काहीच करू शकत नाही. शून्याला कितीही पटींनी गुणले तरी शून्यच उरते. खरा फायदा होतो तो मधल्या पट्ट्यात, जेथे बाहेर उणे ११० च्या आसपास काहीतरी येत आहे, पण गाडीच्या पत्र्यात ते हरवते आहे. छपरावरची अँटेना त्या पत्र्याच्या बाहेर असते, हीच निम्मी करामत आहे.

यात आणखी एक अडचण आहे. जत्रेतल्या नाटकात ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या समोर आला की कर्णकटू शिट्टी वाजते, ही बाब गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. बूस्टरच्या दोन अँटेना एकमेकींना ‘ऐकू’ लागल्या की अगदी हेच घडते. छपराचा पत्रा दोघींमध्ये पुरेसा आडपडदा करत नसेल, तर पेटी स्वतःच्याच लहरींवर शिट्टी घालू लागते. ती शिट्टी माणसाला ऐकू येत नाही, मात्र परिसरातल्या मनोऱ्याला ऐकू येते.

घाटात सोय, शहरात उपद्रव

बूस्टरचा खरा प्रश्न या ‘ऐकू येण्या’त आहे. बूस्टरचा विचार करताना प्रवासी आपल्याकडे येणाऱ्या सिग्नलचा विचार करतो, आपल्याकडून जाणाऱ्याचा नाही. मोबाइलचा मनोरा बोलतो त्याहून अधिक ऐकत असतो. एकाच वेळी शेकडो फोनचे अतिशय क्षीण आवाज तो टिपत असतो. चांगल्या फोर-जी फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती साधारण ०.२ वॅट असते आणि मनोऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिचा अब्जांश भागही उरत नाही. त्यामुळे मनोऱ्याचे कान तीक्ष्ण ठेवावे लागतात.

सर्वांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मनोरा प्रत्येक फोनला सतत सूचना देत असतो: तू जवळ आहेस, हळू बोल, तू दूर आहेस, जोराने बोल. गाडी धारवाडच्या बाह्यवळण मार्गावर आली आणि मनोरा दोन-तीनशे मीटरवर दिसू लागला की फोन आपली शक्ती हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतो. साध्या बूस्टरला ही भाषा कळत नाही. फोन कुजबुजतो आणि पेटी ती कुजबुज लाखपटीने वाढवून मनोऱ्याच्या कानात ओरडते. शिवाय संभाषण चालू असो वा नसो, ती आपली खरखर अखंड बाहेर टाकत राहते.

मनोऱ्याच्या परिसरातील खरखर अशी वाढली की काठावरचे ग्राहक त्याला ऐकू येईनासे होतात. त्याचे कार्यक्षेत्र आक्रसते. ज्या घरात कालपर्यंत दोन रेघा येत होत्या तेथे आज कॉल तुटू लागतो, आणि याचे कारण रस्त्यावरून गेलेली किंवा रुग्णालयाच्या आवारात उभी असलेली एखादी गाडी आहे हे त्या घरातल्या माणसाला कधीच कळत नाही. हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहेत आणि मधला सारा पट्टा महाविद्यालये, रुग्णालये, वसाहती आणि उद्योगांनी भरत चालला आहे. अशा दाट वस्तीत मनोरे जवळजवळ असतात आणि प्रत्येकावर भार मोठा असतो. अनमोडच्या उतारावर एका कुटुंबाची सोय करणारी पेटी बंद करायची राहून गेली, तर काही तासांनी इथे शेकडो अनोळखी लोकांची गैरसोय करू शकते. त्या लोकांपैकी एखादा त्याच क्षणी रुग्णवाहिकेला फोन लावत असू शकतो.

बूस्टरवरील बंदीचा गाभा एवढाच आहे. लाभ मिळतो तो गाडीतल्याला, आणि हानी सोसणाऱ्याला तिचे कारणही समजत नाही.

कायदा काय सांगतो?

मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्या लहरींचे पट्टे सरकार कंपन्यांना लिलावाने देते. ग्राहकाचा फोनही प्रक्षेपकच आहे. पण तो कंपनीच्या परवान्याखाली आणि तिच्या मनोऱ्याच्या आज्ञेत काम करतो. बूस्टर कुणाच्याही आज्ञेत नसतो आणि दुसऱ्याला दिलेल्या पट्ट्यावर प्रक्षेपण करतो.

केंद्रीय दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये जनतेसाठी काढलेल्या सूचनापत्रात याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणत्याही व्यक्तीने किंवा संस्थेने मोबाइल सिग्नल बूस्टर अथवा रिपीटर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा असल्याचे त्यात म्हटले आहे. त्यामागे १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि बिनतारी यंत्रणेविषयीचा १९३३ चा अधिनियम, असे दोन जुने कायदे आहेत. १९३३ च्या कायद्यानुसार विनापरवाना प्रक्षेपक बाळगणे हाच गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला आणि त्यातील कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. रेडिओ उपकरण बाळगायचे तर सरकारची अनुमती किंवा सूट हवी, हे तत्त्व नव्या कायद्यातही आहे.

यातील ‘बाळगणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटी फक्त घाटात सुरू करतो, शहरात बंद ठेवतो, हा बचाव कायद्यापुढे टिकणारा नाही. ती संकेतस्थळावर उघडपणे विकत मिळाली, हाही बचाव नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये विभागाने ई-व्यापार कंपन्यांनाही बेकायदा बिनतारी उपकरणांच्या विक्रीबाबत ताकीद दिली होती.

अशाच अज्ञानाचा एक प्रसंग गोमंतकीय वाचकांच्या स्मरणात असेल. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशाच्या सामानात उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण सापडले आणि पोलिसांची कारवाई झाली. डोंगरात भटकणारे लोक अनेक देशांत असे उपकरण सुरक्षेसाठी सहज जवळ ठेवतात. भारतात मात्र उपग्रह-संदेशवहनाच्या उपकरणांना दूरसंचार विभागाची पूर्वपरवानगी लागते. बूस्टर आणि उपग्रह-फोन या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी हेतू चांगला असल्याने उपकरण वैध ठरत नाही, हा धडा दोन्हींना लागू पडतो.

परदेशात चालते, ते कसे?

अमेरिकेत बूस्टरला मुभा आहे, हे खरे. पण ती सरसकट नाही. तेथील संघीय संपर्क आयोगाने २०१३ साली ग्राहकांच्या बूस्टरसाठी नियम केले. मनोऱ्याजवळ जाताच आपले वर्धन आपोआप कमी करणारी, शिट्टी सुरू होताच स्वतःहून बंद पडणारी आणि ठरलेल्या मर्यादेत राहणारी उपकरणेच तेथे विकता येतात. शिवाय ग्राहकाने आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंदणी करायची असते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने २०१८ मध्ये काही विशिष्ट तांत्रिक अटी पाळणाऱ्या रिपीटरना परवान्यातून सूट दिली. त्यांत वाहनांसाठीच्या कमी शक्तीच्या उपकरणांचा समावेश आहे. म्हणजे या देशांनीही शेजाऱ्याला होणारा उपद्रव नाकारलेला नाही. तो रोखण्याची जबाबदारी त्यांनी उपकरणाच्या रचनेवर टाकली आहे. भारतात ग्राहकांसाठी असा मान्यताप्राप्त वर्ग अजून निर्माण केलेला नाही.

परदेशातून नातेवाइकाने आणलेले उपकरण येथे वापरण्यात कायद्याव्यतिरिक्त तांत्रिक अडचणही आहे. बूस्टर ठराविक कंपनपट्ट्यांसाठीच बनवलेला असतो. अमेरिकेतील पट्टे आणि भारतातील पट्टे यांत ८५० मेगाहर्ट्झसारखा एखादा अपवाद वगळता मेळ बसत नाही. आपल्याकडचे ९००, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे सिग्नल त्या पेटीला ओळखताच येत नाहीत. पैसे जातात, रेंज येत नाही आणि कायद्याचा भंग मात्र होतो.

मग प्रवाशाने काय करावे?

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे. एका कंपनीचा मनोरा जेथे पोचत नाही तेथे दुसरीचा पोचू शकतो. कोणती कंपनी कोठे चालते हे पाहण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या आदेशानुसार कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर व्याप्तीचे नकाशे दिले आहेत. नकाशा आणि घाट यांत फरक पडू शकतो. म्हणून या वाटेने नेहमी जाणाऱ्या चालकांना विचारणेही तितकेच उपयोगाचे आहे.

दुसरा उपाय ज्यांना गाडीत सातत्याने इंटरनेट लागते त्यांच्यासाठी आहे. बाहेरची अँटेना जोडता येईल असा, भारतात मान्यता मिळालेला सिमकार्डचा राऊटर बाजारात मिळतो. त्याची अँटेना छपरावर बसवली की पत्र्याचा अडथळा टळतो. हा राऊटर लहरींचे पुनःप्रक्षेपण करत नाही; तो फोनसारखाच मनोऱ्याच्या आज्ञेत राहणारा एक ग्राहक असतो आणि गाडीतल्या फोनना वाय-फाय देतो. बूस्टरचा जो खरा फायदा, म्हणजे पत्र्याबाहेरची अँटेना, तो येथे कायद्याच्या चौकटीत मिळतो. मात्र जेथे सिग्नलच नाही तेथे हाही निरुपाय आहे.

तिसरा उपाय पूर्वतयारीचा. मोले सोडण्यापूर्वी घरी किंवा पुढच्या मुक्कामी फोन करून निघाल्याची आणि अंदाजे पोचण्याची वेळ कळवावी. ठरलेल्या वेळेनंतर अमुक तासांत फोन आला नाही तर चौकशी करा, असेही सांगून ठेवावे. परतीच्या वाटेवर हेच काम रामनगरला उरकावे. रस्त्याचा नकाशा इंटरनेटविना चालेल असा आधीच उतरवून घ्यावा. रेंज नसताना फोन मनोरा शोधण्यात पूर्ण शक्ती खर्च करतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून घाटाच्या पट्ट्यात जास्तीचे फोन विमान-स्थितीत ठेवावेत आणि गाडीत चार्जर असू द्यावा.

चौथा उपाय प्रत्यक्ष अडचणीच्या वेळचा. गाडी सुरक्षित जागी, वळणापासून दूर उभी करून फोन गाडीच्या बाहेर आणावा. काही पावले उघड्या जागेकडे सरकल्यानेही फरक पडतो. मात्र जंगलात आत शिरू नये. संभाषणासाठी रेंज सलग लागते, तर साधा एसएमएस क्षणभराच्या रेंजमध्येही निघून जातो. म्हणून ठिकाण आणि अडचण चार शब्दांत लिहून एसएमएस पाठवत राहावे. फोन फाइव्ह-जीवर अडखळत असेल तर सेटिंगमध्ये तो फोर-जीवर आणून पाहावा.

आणि पाचवी गोष्ट, जी प्रत्येक कुटुंबाने पाठ करावी: रेंज नसल्याचे दिसले तरी ११२ लावून पाहावे. हा क्रमांक फोन आपत्कालीन म्हणून ओळखतो आणि स्वतःच्या कंपनीचा मनोरा सापडला नाही, तर तेथे पोचणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून तो जोडण्याचा प्रयत्न करतो. पडद्यावर कधी ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते त्याचा अर्थ हाच. गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ ही मदतवाहिनी आहे. परंतु स्वतःच्या कंपनीची रेंज नसताना ११२ लागण्याची शक्यता अधिक असते.

सीमेवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. फोन कोणत्या राज्यातला आहे यापेक्षा त्या क्षणी तो कोणत्या मनोऱ्याला जोडला गेला आहे, यावर कॉल कुठल्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाईल हे अवलंबून असते. अनमोडच्या माथ्यावर उभा असलेला माणूस गोव्यात असूनही त्याचा कॉल कर्नाटकात जाऊ शकतो, किंवा याच्या उलटही घडू शकते. म्हणून बोलणाऱ्याने नावाआधी ठिकाण सांगावे: राष्ट्रीय महामार्ग ७४८, अनमोड घाट, मोलेच्या बाजूने की रामनगरच्या बाजूने, आणि शेवटच्या मैलाच्या दगडावरचा आकडा. तो आकडा वाटेत पाहून ठेवण्याची सवय कोणत्याही उपकरणापेक्षा उपयोगी ठरू शकते.

हा प्रश्न सोडवायचा कुणी?

प्रवाशाने इतके सगळे करूनही मूळ पोकळी राहतेच, आणि ती भरून काढणे हे प्रवाशाचे काम नाही. दुर्गम गावांना फोर-जी सेवा देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २४,६८० गावे तिच्या कक्षेत होती आणि काम बीएसएनएलकडे सोपवण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले गेले. सरकारी निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची सेवा घेता येईल, अशी व्यवस्था सुरू करण्यात आली. सुमारे २७ हजार मनोरे आणि ३५,४०० गावे असा तिचा आवाका सांगण्यात आला. एका मनोऱ्यावर सर्वांना सेवा मिळाली, तर जंगलात तीन मनोरे उभारण्याची गरज उरत नाही. अनमोडसारख्या वनक्षेत्रासाठी ही कल्पना विशेष मोलाची आहे.

पण या योजनांचे माप ‘गाव’ हे आहे. घाट हे गाव नव्हे. तेथे मतदार राहत नाहीत, ग्रामसभा भरत नाही. शिवाय दूरसंचाराच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो आणि घाटमाथ्यापलीकडे कर्नाटक परिमंडळ सुरू होते. एकाच रस्त्यावर दोन राज्ये, दोन परिमंडळे आणि दोन वनप्रशासने भेटतात. अशा ठिकाणची तक्रार एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाऊ शकते आणि मध्येच कुठेतरी पडून राहू शकते.

ती पडून राहू नये म्हणून तक्रार नेमकी असावी लागते. ‘घाटात रेंज नाही’ या वाक्यापेक्षा तारीख, वेळ, मैलाच्या दगडाचा आकडा, कंपनीचे नाव आणि फोनमध्ये दिसलेला डीबीएमचा आकडा असलेली नोंद कंपनीला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. ती आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे करून नोंदणी क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावर दूरसंचार विभागाकडे दाद मागावी. दररोज या मार्गाने जाणाऱ्या वाहतूकदारांनी, व्यापारी मंडळांनी आणि बससेवांनी अशा नोंदी एकत्र करून दोन्ही राज्यांकडे एकाच वेळी दिल्या, तर त्यांचे वजन वेगळे पडेल. अभयारण्यात नवा मनोरा हवाच असे नाही. मोले, अनमोड, तिनईघाट, रामनगर अशा आधीच वस्ती असलेल्या ठिकाणांवरून कमी कंपनसंख्येची सेवा घाटाकडे वळवता येते का, याचा विचार कंपन्यांनी करायला हवा. तसे करायला परवानाधारक कंपन्यांना कायद्याची आडकाठी नाही. जरूर तेथे रिपीटर बसवण्याचा अधिकारही त्यांनाच आहे.

तोपर्यंत हुबळी-धारवाडला निघालेल्या गोमंतकीयाने मोले नाक्यावर दोन मिनिटे थांबून घरी एक फोन करावा, दुसरे सिम चालू आहे ना हे पाहावे आणि मैलाच्या दगडांवर नजर ठेवून घाट चढावा.